धारण तलावातला गाळ आणि एका नव्या पदवीचा वाद

पृथ्वी प्रणाली विज्ञानाची, म्हणजे हवा, पाणी, खडक आणि सजीव यांचा एकत्र अभ्यास करणारी, चार वर्षांची पदवी सुरू करावी की नाही, यावर ठाण्यातल्या एका महाविद्यालयात अलीकडे चर्चा झाली. एकतीस वर्षे भूविज्ञान शिकवून निवृत्त झालेली शिक्षिका म्हणून मलाही बोलावले होते आणि माझ्याकडून बहुधा विरोधाचीच अपेक्षा होती. दोन तास चाललेली ती चर्चा एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिली: पदवीला एक विषय असावा की अनेक? बाजूने बोलणाऱ्या प्राध्यापकांचे म्हणणे असे की विषयांच्या भिंती कालबाह्य झाल्या आहेत, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही आंतरविद्याशाखीय शिक्षणाचा आग्रह धरला आहे, तेव्हा आपण मागे राहू नये. विरोधकांचे म्हणणे असे की थोडे भौतिकशास्त्र, थोडे रसायनशास्त्र, थोडा भूगोल आणि थोडे जीवशास्त्र एकत्र केले की एकही विषय धड न येणारा पदवीधर तयार होतो. दोन्ही बाजू विषयांची संख्या मोजत होत्या, आणि वादाचे मूळ तिथे नाही. माझे मत मी तिथे तुटक मांडले, इथे सविस्तर मांडते. ही पदवी सुरू व्हावी, ती पदव्युत्तर पातळीची वाट न पाहता बारावीनंतर लगेच सुरू व्हावी, आणि ठाणे-नवी मुंबईच्या पट्ट्यात ती होण्याला विशेष कारण आहे. मात्र ‘अनेक विषय’ हा तिचा गुण म्हणून सांगता येणार नाही. पृथ्वी प्रणाली विज्ञान हा पृथ्वी या एकाच वस्तूचा अभ्यास आहे, आणि त्या वस्तूसाठी लागणारी गणिताची, रसायनाची आणि क्षेत्रकार्याची शिस्त आजच्या बी.एस्सी.पेक्षा कडक ठेवण्याची तयारी असेल तरच ती सुरू करावी.

एकाच वस्तूचा अभ्यास म्हणजे काय, हे माझ्याच वर्गातल्या उदाहरणाने सांगते. दुसऱ्या वर्षाला मी बेसाल्ट या लाव्ह्यापासून बनलेल्या काळ्या खडकाचे रासायनिक अपक्षयण, म्हणजे झीज, शिकवत असे. पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो, सौम्य कार्बॉनिक आम्ल तयार होते, ते खडकातल्या फेल्डस्पार आणि पायरोक्सिन या खनिजांवर काम करते, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळून जातात आणि मागे चिकणमाती उरते. फळ्यावरच्या समीकरणात डावीकडे कार्बन डायऑक्साइड स्पष्ट लिहिलेला असे, तरीही माझे आणि विद्यार्थ्यांचे सगळे लक्ष उजवीकडच्या मातीवर असे, कारण परीक्षेत प्रश्न मातीवर यायचा. त्याच समीकरणाचा दुसरा अर्थ असा की खडक झिजतो तेव्हा हवेतला कार्बन कमी होतो. विरघळलेले बायकार्बोनेट नद्यांतून समुद्रात जाते, तिथले सूक्ष्मजीव आणि प्रवाळ त्यातून कवचे बांधतात, ती तळाशी साचून चुनखडक होतो, आणि लक्षावधी वर्षांनी ज्वालामुखींवाटे तो कार्बन परत हवेत येतो. हवा तापली की पाऊस आणि झीज वाढते, झीज वाढली की हवेतला कार्बन घटतो. म्हणजे पृथ्वीपाशी आपले तापमान अतिशय सावकाश सावरणारी एक यंत्रणा आहे. या कामात बेसाल्ट हा ग्रॅनाइटपेक्षा पुष्कळच तत्पर खडक आहे, आणि सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्ह्याचा, आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला बेसाल्ट आपल्या पायाखाली आहे. येऊरच्या टेकड्या त्याच्या, पारसिकचा डोंगर त्याचाच. एकतीस वर्षे मी त्याचे तुकडे विद्यार्थ्यांच्या हातात दिले आणि हवेशी त्यांचा काय संबंध आहे हे एकदाही नीट सांगितले नाही. ती माझी उणीव होतीच, पण विषयाच्या आखणीचीही होती, कारण हवा हा दुसऱ्या विभागाचा विषय होता.

हा विचार कालपरवाचा नाही. व्लादिमीर व्हर्नाड्स्की या रशियन भूरसायनशास्त्रज्ञाने १९२६ मध्ये जीवावरणावरच्या आपल्या पुस्तकात सजीवसृष्टीकडे एक भूवैज्ञानिक शक्ती म्हणून पाहिले होते. ‘पृथ्वी प्रणाली विज्ञान’ हे नाव रुळले ते नासाने १९८३ मध्ये नेमलेल्या, फ्रान्सिस ब्रेथर्टन यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीमुळे. त्या समितीने काढलेली आकृती आजही अभ्यासली जाते. एका बाजूला हवामानाची भौतिक यंत्रणा, दुसऱ्या बाजूला कार्बन-नायट्रोजनासारख्या मूलद्रव्यांची चक्रे, आणि त्यांच्यामध्ये असंख्य बाण. चौकटी जुन्याच विभागांच्या होत्या, नवे होते ते बाण, आणि हा विषय त्या बाणांचा आहे. आपल्याकडे २००६ मध्ये केंद्र सरकारने पृथ्वी विज्ञान मंत्रालय स्थापून हवामान, समुद्र, भूकंप आणि ध्रुवप्रदेश यांचे काम एका छत्राखाली आणले. शासनाच्या कारभारात जी जोडणी इतकी आधी झाली, ती अठरा वर्षांच्या मुलाच्या वेळापत्रकात व्हायला आपण अजून का कचरतो आहोत?

ही गरज ठाणे-नवी मुंबईत किती तीव्र आहे, हे पाहायला दूर जावे लागत नाही. १९७० मध्ये नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको हे शासकीय महामंडळ स्थापन झाले आणि खाडीच्या पूर्वेकडे शहर उभे राहिले, ते बऱ्याच ठिकाणी खाजण (भरतीचे पाणी येणारी दलदल), मिठागरे आणि भातखाचरांवर भराव घालून. मोठ्या भरतीच्या पातळीच्या मानाने ही जमीन सखल होती, म्हणून शहराच्या आखणीतच धारण तलाव ठेवले गेले. पारसिकच्या उतारावरून येणारे पावसाचे पाणी भरतीच्या वेळी या तलावांत थांबते, कारण खाडीच्या बाजूची झडपवजा दारे भरतीच्या दाबाने बंद होतात. ओहोटी लागली की दारे उघडतात आणि तलाव रिकामा होतो. ही पद्धत हॉलंडकडून घेतली असे सांगितले जाते, पण कोकणातल्या खारबांधाची उघाडी, म्हणजे बांधातले झडपेचे दार, याच तत्त्वावर चालत आली आहे. तिच्यावर शेती सांभाळणाऱ्या आगरी शेतकऱ्याला भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट पुरत असे: पंचमीला पावणेचार वाजता, अष्टमीला सहा वाजता. चंद्र, समुद्र, पाऊस आणि भात यांचा एकत्र हिशेब त्याच्या रोजच्या व्यवहारात होता. हे मी जुन्याच्या गौरवासाठी सांगत नाही. त्या हिशेबाला आजच्या शहरात कोण उत्तराधिकारी आहे, एवढाच माझा प्रश्न आहे.

कारण तलाव आता गाळाने भरत आले आहेत. गाळात तिवरे, म्हणजे खारफुटीची झाडे, रुजली, त्यांची दाटी झाली, आणि खारफुटीला मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आणि नंतर २०१८ च्या आदेशांनी संरक्षण मिळाले. न्यायालयाच्या परवानगीशिवाय तिला हात लावता येत नाही. उधाणाची भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की सखल सेक्टरांत पाणी शिरते. स्थापत्य अभियंता म्हणतो, गाळ काढा, नाहीतर तलावाची क्षमता उरणार नाही. परिसंस्थातज्ज्ञ म्हणतो, खारफुटी तोडाल तर मासळीची पैदास, किनाऱ्याचे संरक्षण आणि चिखलात साठलेला कार्बन घालवाल. शिवाय पलीकडची खाडी २०१५ पासून रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचे अभयारण्य आणि २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे. भूवैज्ञानिक विचारतो, गाळ आला कुठून? पारसिकच्या दगडखाणींतून आणि कापलेल्या उतारांवरून तर नाही? सागरवैज्ञानिक सांगतो की काठ भरून खाडी अरुंद झाली की भरतीबरोबर आत-बाहेर करणारे पाणी कमी होते, त्याचा वेग मंदावतो आणि गाळ तिथेच बसतो. हवामानतज्ज्ञ सांगतो की तलावांची मापे ठरवताना जो पाऊस धरला होता, त्याहून जोराच्या सरींची तयारी ठेवली पाहिजे. यांतले चुकीचे कोण बोलतो आहे? कुणीच नाही. पाणी मात्र तळमजल्यावर आहे.

यावर एक समंजस उत्तर दिले जाते, आणि त्या चर्चेतही दिले गेले: पाच तज्ज्ञांची समिती नेमा, त्यासाठी नवी पदवी कशाला? समित्यांना मी कमी लेखत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि तिथून वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या कुलाब्याला जेमतेम ७३ मिलिमीटर. त्या प्रलयानंतर माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने पावसापासून नद्यांच्या काठांपर्यंत सगळे एकत्र तपासले. पण समितीत पाच माणसे आपापल्या काळाच्या मापाने बोलतात. सरीचा हिशेब तासांचा असतो, भरतीचा साडेबारा तासांच्या आतबाहेरचा, खारफुटीच्या वाढीचा वर्षांचा, गाळाचा दशकांचा, समुद्रपातळीचा शतकाचा. या मापांना एका ताळेबंदात बसवणे, म्हणजे तलावात दरवर्षी किती गाळ येतो, किती जातो, खारफुटी त्यातला किती धरून ठेवते आणि त्यामुळे कितव्या वर्षी कोणत्या भरतीला दार उघडणारच नाही, हे मांडणे, हे स्वतंत्र कौशल्य आहे. पाच जणांच्या बेरजेतून ते आपोआप निर्माण होत नाही. ते कुणालातरी शिकवावे लागते, आणि ज्याला शिकवले आहे असा माणूस समितीत सहावा म्हणून बसला तर पाचांचे ज्ञान कामाला येते.

आता विरोधकांचा सर्वांत बळकट मुद्दा घेते, कारण तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिक ठरेल. ते म्हणतात की पृथ्वीविषयीचे मोठे शोध एकेका विषयात मुरलेल्या लोकांनीच लावले. आल्फ्रेड वेगेनर यांची डॉक्टरेट खगोलशास्त्रातली, काम हवामानाचे, आणि १९१२ मध्ये त्यांनी खंड सरकतात असे मांडले. वातावरणातला कार्बन डायऑक्साइड १९५८ पासून मोजणारे चार्ल्स कीलिंग रसायनशास्त्रज्ञ होते. गिल्बर्ट वॉकर केंब्रिजचे गणिती. हवामानशास्त्राचे शिक्षण नसताना १९०४ मध्ये ते भारतातल्या वेधशाळांचे प्रमुख झाले आणि मान्सूनचा अंदाज शोधता शोधता प्रशांत आणि हिंदी महासागरांवरच्या वायुभाराचा झोका त्यांना सापडला. आधी एका विषयात खोल जा, मग सीमा ओलांडा, हाच इतिहासाचा धडा नाही का?

हा धडा अर्धा खरा आहे. वॉकर यांची कहाणी शेवटपर्यंत वाचली की उरलेला अर्धा दिसतो. १९२० च्या दशकात त्यांनी या झोक्याला ‘दक्षिणी आंदोलन’ असे नाव दिले, पण तो का होतो हे त्यांना सांगता आले नाही, आणि कारण नसलेले आकडे म्हणून त्यावर शंका घेतल्या गेल्या. कारण समुद्रात होते. पेरू देशाच्या कोळ्यांना ठाऊक असलेला एल निनो, म्हणजे तिथले समुद्राचे पाणी अधूनमधून तापणे, आणि वॉकर यांचे आंदोलन ही एकाच गोष्टीची दोन अंगे आहेत, हे याकोब ब्येर्कनेस यांनी १९६९ मध्ये जोडून दाखवले. मधल्या चार दशकांत समुद्राच्या तापमानाची पुरेशी निरीक्षणे नव्हती हे खरे. पण हवेचा अभ्यास करणारे आणि समुद्राचा अभ्यास करणारे एकमेकांचे वाचत नव्हते, हेही तितकेच खरे. वेगेनर यांचे तर स्पष्टच आहे. बाहेरचा माणूस म्हणून भूवैज्ञानिकांनी त्यांना नाकारले, १९३० मध्ये ग्रीनलंडच्या बर्फावर त्यांचा अंत झाला, आणि सागरतळाच्या अभ्यासातून त्यांचे म्हणणे मान्य व्हायला साठचे दशक उजाडावे लागले. असामान्य बुद्धीची माणसे कुठल्याही पदवीतून आली तरी कुंपण ओलांडतात. पलीकडच्या बाजूला त्यांचे ऐकून घेणारे तयार नसतात, आणि त्याची किंमत पन्नास वर्षांच्या विलंबात मोजावी लागते. हवा तापण्याच्या आजच्या वेगात आपल्याजवळ पन्नास वर्षे आहेत का?

आणि पदवी असामान्यांसाठी नसतेच. ती महापालिकेच्या पर्जन्यजल विभागात, जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात, बंदरावर, विमा कंपनीत, शाळेत काम करणाऱ्या हजारो सामान्य हुशारीच्या माणसांसाठी असते. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या उघड्या मैदानात भर दुपारी झालेल्या मोठ्या कार्यक्रमानंतर उष्माघाताने १४ माणसे दगावली. तापमापकावरचा त्या दिवशीचा आकडा विदर्भातल्या माणसाला साधा वाटला असता. पण शरीर थंड होते ते घामाचे बाष्पीभवन होऊन, आणि खाडीकाठच्या दमट हवेत ते मंदावते; म्हणूनच हवामान विभागही उष्णतेच्या लाटेचा विचार करताना मैदानी भागासाठी ४० अंशांचा आणि किनारपट्टीसाठी ३७ अंशांचा उंबरठा धरतो. हवेतले बाष्प, उन्हाचे तास, गर्दी, पाणी आणि माणसाचे शरीर यांना एकत्र धरून ‘ही वेळ बदला’ असे आदल्या दिवशी सांगायला थोर शास्त्रज्ञ लागत नाही. ते जोडून पाहण्याची सवय असलेला एक कनिष्ठ अधिकारी पुरतो. ती सवय लावण्याचे काम आज कोणती पदवी करते?

‘खिचडी’ हा शब्द त्या चर्चेत अनेकदा ऐकला. तोच शब्द एम.बी.बी.एस.ला कुणी का लावत नाही? तिथे शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन, सूक्ष्मजीव, औषधे, समाज आणि कायदाही शिकवतात. बी.एस्सी. ॲग्री करणारा मुलगा माती, बियाणे, कीड, सिंचन आणि अर्थशास्त्र एकत्र शिकतो, आणि महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात त्या पदवीला मान आहे. या अभ्यासक्रमांचा विषय एक आहे, शरीर किंवा शेत, म्हणून त्यांतली विविधता आपल्याला खटकत नाही. यावर कुणी म्हणेल की वैद्यकाला साडेपाच वर्षे लागतात आणि मागे शतकांचा अध्यापनाचा अनुभव आहे. ते मी मान्य करते. म्हणूनच ‘एक वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका’ ही बाहेर पडण्याची सोय या पदवीत मला नको आहे. पहिल्या वर्षाअखेर बाहेर पडणाऱ्याला फक्त चौकटींची नावे आलेली असतील, बाण एकही आलेला नसेल.

पदव्युत्तर पातळीपर्यंत थांबा, या सूचनेवर माझा आक्षेप अनुभवातून आलेला आहे. आमच्याकडे भूविज्ञानाला येणारी कितीतरी मुले गणित नको म्हणून येत. ती कष्टाळू असत, दगड ओळखण्यात तरबेज होत. पण बाविसाव्या वर्षी भूजलाच्या प्रवाहाचे अवकल समीकरण समोर आले की थबकत, आणि तेव्हा गणिताचा पाया घालायला उशीर झालेला असे. उलट भौतिकशास्त्राचा उत्तम पदवीधर संगणकावर हवामानाचे प्रारूप चालवतो, पण कड्यावरच्या दोन लाव्हाथरांमधली लाल माती, म्हणजे दोन उद्रेकांच्या मधल्या काळात तिथे जमीन झिजत होती याची खूण, त्याला फक्त रंग म्हणून दिसते. डोळा आणि गणित दोन्ही एकाच वयात घडवावे लागतात. ते वय अठराचे आहे.

याहून मला अधिक अस्वस्थ करणारा आक्षेप वेगळा आहे आणि त्याचा पूर्ण प्रतिवाद माझ्याकडे नाही. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण शिक्षण सक्तीचे करण्याचे निर्देश दिले, २००३ नंतर सर्व शाखांच्या पदवीला त्याचा अभ्यासक्रम आला, आणि त्याचे काय झाले हे शिक्षकांना ठाऊक आहे. एकमेकांचे उतरवलेले प्रकल्प, थर्माकोलवर चिकटवलेले ओझोनच्या थराचे चित्र, आणि ज्याचा तास रिकामा त्या शिक्षकाकडे दिलेला विषय. हेतू उत्तम होता, मूल्यमापन सैल होते. तेच नव्या पदवीचे होणार नाही कशावरून? पदवीच्या नावात याची कुठलीच हमी नाही. हमी असेल तर ती अटींत असेल: बारावीला गणित आणि रसायन असलेल्यांनाच प्रवेश, दोन वर्षे गणित आणि संख्याशास्त्र, एका मूळ विषयात, भौतिक, रसायन किंवा भूविज्ञानात, त्या विषयाच्या पदवीइतके श्रेयांक, आणि क्षेत्रकार्य सहलीसारखे न होता रोजनिशीवर तपासले जाणारे. या अटी मान्य नसतील तर मी विरोधकांबरोबर मत देईन.

मूळ विषयाची अट नोकरीसाठीही आहे. चर्चेला आलेल्या एका पालकांनी विचारले की जाहिरातीत या पदवीचे नावच नसेल तर माझ्या मुलीने अर्ज कसा करायचा? कुणी त्यांना नीट उत्तर दिले नाही, याचे मला वाईट वाटले. त्यांची भीती खरी आहे. सरकारी भरतीत विषयाचे नाव पाहून पात्रता ठरते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातली पदे ज्या संयुक्त परीक्षेतून भरतात, तिला भूविज्ञानातल्या ठराविक विषयांची पदव्युत्तर पदवी लागते. तेव्हा गुणपत्रिकेवर मुख्य विषयाबरोबर मूळ विषयाचे नाव आणि श्रेयांक छापले गेलेच पाहिजेत, म्हणजे पुढची वाट बंद होणार नाही. दुसऱ्या बाजूला मागणीही तयार होते आहे. २००६ च्या अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पांना पर्यावरणीय आघाताचे मूल्यांकन करावे लागते, आणि शेअर बाजाराचे नियमन करणाऱ्या सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार कंपन्यांना पर्यावरण व सामाजिक जबाबदारीचा अहवाल २०२२-२३ पासून बंधनकारक केला. हे अहवाल कोण लिहिते आणि त्यातले आकडे कोण तपासते, हा प्रश्न ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या उद्योगांपुढे आजच आहे.

शिक्षक कुठून आणणार, याचे उत्तर या परिसरात इतर ठिकाणांपेक्षा सोपे आहे. मुंबईत आयआयटी, पुण्यात उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आणि आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था, आणि नवीन पनवेलला भारतीय भूचुंबकत्व संस्था. या शेवटच्या संस्थेचा वारसा मला फार मोलाचा वाटतो. कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची नोंद होत होती. सप्टेंबर १८५९ चे प्रचंड सौर वादळ तिथल्या उपकरणांनी टिपले. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्यांच्या प्रवाहाने मापने बिघडतील हे ओळखून १९०४ मध्ये अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा उभारली, आणि दोन्हीकडच्या नोंदींचा सांधा जुळावा म्हणून १९०६ पर्यंत दोन्ही एकत्र चालवल्या. सूर्य, पृथ्वीचा गाभा आणि शहराची वाहतूक ही तिन्ही एका निर्णयात विचारात घेणारी माणसे सव्वाशे वर्षांपूर्वी इथे होती. पनवेलच्या महाविद्यालयातल्या मुलांना ही गोष्ट अभ्यासक्रमातून कळायला हवी.

एका बाबतीत मी अजून साशंक आहे. अनुदानित महाविद्यालयातही नवा अभ्यासक्रम बहुधा सेल्फ फायनान्सवर, म्हणजे अनुदानाशिवाय, येतो, शुल्क वाढते, आणि कंत्राटी शिक्षक दर वर्षी बदलतात. तसे झाले तर ही पदवी ज्यांच्या दारात पाणी येते त्यांच्या मुलांना परवडणारच नाही. दिवाळे, करावे, गव्हाण, उरण अशा खाडीकाठच्या गावांतल्या मुलाला खाडी घरची आहे. उधाण (मोठी भरती), भांग (लहान भरती), उघाडी, खाजण हे शब्द त्याला शिकवावे लागत नाहीत. ब्रेथर्टन समितीच्या आकृतीत माणसाचा व्यवहार एका चौकटीत काठावर बसवलेला होता. नवी मुंबईत तो काठावर ठेवता येत नाही, कारण जमीन कशी गेली आणि त्या जमिनीच्या मोबदल्यातले साडेबारा टक्के विकसित भूखंड कुणाला कधी मिळाले हे माहीत नसेल, तर कुठला भराव का पडला हेही कळत नाही. म्हणून शासनाने निदान पहिली पाच वर्षे या पदवीच्या शिक्षकांची पदे मंजूर करून अनुदान द्यावे, आणि पहिल्या दोन वर्षांचे अध्यापन मराठीतही व्हावे, अशी माझी मागणी आहे.

सुरुवात कशी करावी याबद्दलची माझी सूचना त्या चर्चेच्या इतिवृत्तात आली नाही, ती इथे नोंदवते. एक धारण तलाव निवडावा. पहिल्या तुकडीने जूनमध्ये तिथे मोजकाठी रोवावी आणि भरती-ओहोटीला पाण्याची पातळी, क्षारता, गढूळपणा आणि गाळाची जाडी यांची नोंद सुरू करावी. पुढच्या तुकडीने ती वही पुढे चालवावी. गाळ पारसिकवरून किती येतो आणि खाडीतून किती, हा वर सोडून दिलेला प्रश्न भूविज्ञान एकट्याने सोडवू शकत नाही, कारण खाडीचा गाळही मूळचा बेसाल्टचाच, उल्हास आणि खाडीला मिळणाऱ्या ओढ्यांनी आणलेला; खनिजे पाहून दोन्ही वेगळे करणे अवघड आहे. भरतीबरोबर आलेल्या गाळात मात्र खाऱ्या पाण्यातल्या फोरॅमिनिफेरा आणि डायटम या सूक्ष्मजीवांची कवचे असतात, डोंगरावरून धुपून आलेल्या मातीत ती नसतात. म्हणजे जीवशास्त्राचा सूक्ष्मदर्शक, रसायनाचे पृथक्करण, भरतीचे गणित आणि पावसाच्या नोंदी एकाच टेबलावर आणाव्या लागतील. चौथ्या पावसाळ्यानंतर त्या मुलांच्या हातात एका तलावाचा गाळाचा ताळेबंद असेल, आणि तो घेऊन त्यांना महापालिकेच्या अभियंत्यासमोर आणि खारफुटी सांभाळणाऱ्या कांदळवन कक्षाच्या अधिकाऱ्यासमोर एकाच बैठकीत बसता येईल.